तळाला नको, पाठीला पाडा

पत्र: "मालवणजवळ आमचं घर आहे. पडवीत माशांची चार फुटी टाकी आहे, १२० × ४५ × ४५ सेंमी, काच १० मिमी, कुडाळच्या एका काचवाल्याकडून बनवून घेतलेली. आत एंजल आणि टेट्रा. आता स्टँडखालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी दुसरी छोटी टाकी, बसवायचा विचार आहे. बेत असा की टाकीच्या तळाला दोन भोकं पाडायची, एकातून पाणी उतरेल, दुसऱ्यातून चढेल. वाडीतला प्लंबर म्हणतो, 'टायलीक मारतंय तसोच मारतंय, काय एक होवचा नाय.' घरचे म्हणतात, काच फुटणारच. त्यात पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून चारदा वीज जाते. तेव्हा टाकीतलं सगळं पाणी पडवीत आलं तर? भोकं पाडू की नको?"

पाडा. पण तळाला नकोत, पाठीच्या काचेला पाडा, वरच्या भागात. आणि टायलीच्या बिटने तर मुळीच नकोत.

एक भोक पाडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. काच फुटते ती त्या पंधरा मिनिटांची पाच करायला गेल्यामुळे, किंवा आधी न बघितलेल्या एखाद्या गोष्टीमुळे: काच टफन (तापवून कडक केलेली) निघाली, नाहीतर खूण कडेला खेटून केली. कधी सगळं नीट पार पडतं आणि शेवटी नट पान्याने आवळला जातो. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मात्र वीज गेल्यावर पाणी कुठे जाईल हा आहे, आणि त्याचं निम्मं उत्तर भोकाच्या जागेत आहे. म्हणून आधी जागा ठरवू.

काचेची जाडी वजा केली की तुमच्या टाकीचं आतलं माप ११८ × ४३ सेंमी उरतं. म्हणजे उंचीचा दर सेंटिमीटर साधारण पाच लिटरचा. हा आकडा कपाटाच्या दारावर लिहून ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे. ४० सेंमी पाणी धरलं तर टाकीत २०० लिटर. तळाच्या भोकाचा वॉशर उद्या दगा देऊ लागला, तर हे २०० लिटर खाली येणार आणि मासे कोरड्यावर पडणार. भोकाचा मध्य पाठीच्या काचेत वरून १० सेंमीवर असेल, तर तशाच गळतीत पाणी भोकाच्या खालच्या कडेपर्यंत उतरून थांबेल. ते आठ-एक सेंमी, म्हणजे ४० लिटर. लादी पुसावी लागेल, मासे राहतील.

दुसरं कारण वजनाचं. भरलेली टाकी, सम्प आणि स्टँड मिळून ४०० किलोच्या आसपास जातात. जुन्या घराची पडवी पाणसळीत असतेच असं नाही. स्टँडचा एखादा पाय थोडा जरी दबला तरी तो पीळ आधी तळाच्या काचेत शिरतो, आणि भोकाची कड ही कुठल्याही काचेतली सगळ्यात कच्ची जागा. तिथे मुद्दाम दोन भोकं कशाला?

आता दोन भोकं कशासाठी, तेही बदलू. चढणीच्या पाइपाला भोक लागतच नाही. तो पाठीमागून वर आणा, काठावरून आत वळवा, झालं. दिसायला जरा ओबडधोबड, पण एक भोक कमी. दोन्ही भोकं उतरणीलाच वापरा, एक रोजचं, एक आणीबाणीचं. रोजच्या पाइपात गोगलगाय अडकली, झाडाचं पान चिकटलं, तर दुसरा पाइप पाणी नेईल. एकाच उतरणीवर चालणारी टाकी कधीतरी काठावरून वाहतेच. शौकीन मंडळी या दोन पाइपांच्या रचनेला 'हर्बी' म्हणतात.

आता मापं. भोकाची कड आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर हवं. दोन भोकांच्या मधेही तेवढंच. ४५ मिमीचं भोक असेल तर त्याचा मध्य काचेच्या कडेपासून कमीत कमी ६८ मिमी आणि दोन मध्यांमध्ये कमीत कमी ९० मिमी. ही किमान मापं झाली, तुम्ही सैल घ्या: वरच्या कडेपासून १०० मिमी, बाजूच्या कडेपासून पहिला मध्य १२० मिमी, दुसरा २३० मिमी. टाकीच्या लांबीच्या मधोमध घेऊ नका. पाणी भरल्यावर लांब काच मध्यावर सगळ्यात जास्त फुगते, कोपऱ्याकडे कमी.

या दोन भोकांना आतून झाकणारी एक पेटी लागेल: ३० सेंमी लांब, १० सेंमी खोल, १३ सेंमी उंच, ५ किंवा ६ मिमी काचेची, सिलिकॉनने चिकटवलेली. तिची वरची कड टाकीच्या काठापासून ५.५ सेंमी खाली. त्या कडेवरून पाणी पेटीत सांडेल. अ‍ॅक्रिलिकची पेटी सुबक दिसते, पण सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला धड धरत नाही, काही महिन्यांनी कडेने सुटते. काचेचीच करा, आणि मासे आत जाऊ नयेत म्हणून वर प्लास्टिकचा तयार कंगवा किंवा जाळीची पट्टी अडकवा.

आता विजेचा हिशोब. पंप चालू असताना पेटीच्या कडेवरून एक-दीड सेंमी जाडीचं पाणी वाहत असतं. पंप थांबला की ते तेवढंच उतरतं आणि थांबतं, सात-आठ लिटर. घात करतो तो चढणीचा पाइप. त्याचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, पंप थांबताच तो उलटा वाहू लागतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकी सम्पमध्ये ओतत राहतो. तोंड ५ सेंमी खोल असेल तर २५ लिटर, २ सेंमी असेल तर १० लिटर. म्हणून ते तोंड पृष्ठभागाच्या अगदी लगत, २ सेंमीच खाली ठेवा. बरेच जण पाइपाला पाण्याच्या रेषेवर ५ मिमीचं हवेचं भोक पाडतात. पाडा, पण भरवसा त्यावर ठेवू नका, शेवाळाने ते बुजतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच, झडपेवर बुळबुळीत थर बसला की ती पूर्ण मिटत नाही. दोन्ही असोत, हिशोब मात्र ती नाहीत असं धरूनच करा.

तर टाकीतून १० लिटर (कडेवरचे सात-आठ त्यातच आले), पेटीतून दोनेक, पाइपांतून एक-दोन. १५ लिटर धरा, आणि सम्पमध्ये २५ लिटरची जागा मोकळी ठेवा. ७५ × ३५ सेंमीच्या सम्पमध्ये ही जागा म्हणजे वरचे १० सेंमी. पंप चालू असताना पाणी ज्याच्या वर कधीच जायचं नाही अशी रेघ सम्पवर परमनंट मार्करने मारा. बाष्पीभवन झालं की पाणी घालताना घरातलं कोणीतरी हौसेने काठोकाठ भरतं आणि पुढची वीज गेली की पडवी भिजते. रेघ त्यांच्यासाठी आहे.

उलटा हिशोबही करा. दोन्ही उतरण्या तुंबल्या आणि पंप चालूच राहिला तर? सम्पमध्ये पंप ज्या कप्प्यात बसतो, त्यातलं पाणी वर जाईल. तो कप्पा १२ लिटरचा असेल तर टाकीत पाणी अडीच सेंमी चढेल. काठ पाण्यापासून ४ सेंमी वर आहे, म्हणजे सांडणार नाही. पंपाचा कप्पा लहान ठेवायचा तो यासाठी.

आता काच. १० मिमीची साधी फ्लोट काच असेल तर भोक पडतं. टफन असेल तर बिट लागताच पूर्ण काचेचे शेंगदाण्याएवढे तुकडे होतात, त्यावर कसलीही युक्ती चालत नाही. आपल्याकडे बनवलेल्या टाक्या बहुतेक साध्या काचेच्याच असतात. पण काचवाल्याने जुन्या टेबलाची किंवा दुकानाच्या दाराची काच कापून वापरली असेल का, असं मनात आणू नका, टफन काच कापताच येत नाही. तयार मापाची काच मात्र बसवलेली असू शकते. तपासणी सोपी आहे. लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा लावा, तो काचेमागे धरा, पुढून पोलराइज्ड गॉगल घालून बघा आणि मान हळूहळू तिरकी करा. साधी काच एकसारखी दिसते. टफन काचेत काळपट ठिपके, पट्टे किंवा कडेला ढगासारख्या सावल्या उमटतात. लॅपटॉपचा एलसीडी पडदाच घ्या, मोबाइलच्या पडद्यावर फसगत होऊ शकते. ज्या काचेला भोक पाडायचं तीच तपासा, शेजारची नव्हे. काचेवर खोल ओरखडा किंवा कडेला जुना टवका असेल तर त्या टाकीला भोक पाडायच्या फंदात पडू नका.

खरेदीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी टँक निप्पल (भोकात बसून पाइप जोडून घेणारा आट्यांचा तुकडा), मग बिट. पाइप एक इंची घेतला तरी निप्पलचे आटे कंपनीगणिक वेगळ्या जाडीचे निघतात. हार्डवेअरच्या दुकानात व्हर्निअर मागा, आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि त्यात दीड-दोन मिमी मिळवा. तो बिटचा आकडा. आटे ४३ मिमी भरले तर ४५चा बिट. छताच्या प्लास्टिक टाकीला लागतात ते यूपीव्हीसीचे निप्पल चालतात, पण निवडून घ्या: फ्लँज (काचेला टेकणारी चकती) सपाट हवी, कड रुंद हवी, रबर मऊ आणि अखंड हवं. दुकानातल्याच काचेच्या काउंटरवर फ्लँज पालथी ठेवून बघा, डुगडुगली तर परत करा. पितळी नको, तांब्याचा अंश कोळंबी-गोगलगायींना मानवत नाही. लोखंडी तर आपल्या खाऱ्या हवेत वर्षभरही धड राहत नाही.

बिट म्हणजे डायमंड कोअर बिट, हिऱ्याची भुकटी बसवलेली पोकळ नळी, मधे टोक नसलेली. टायलीचा भाल्यासारखा बिट टोकावर दाब देऊन फोडत जातो, तो दहा-बारा मिमीच्या भोकापुरता. प्लंबरभाऊ ओट्याच्या ग्रॅनाइटला नळाचं भोक पाडायला ग्राइंडरवर कोअर लावतात, तेही इथे नको. छोटा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. तुम्हाला ४५ मिमीच्या बिटला ४०० ते ६०० हवेत, त्याहून जास्त नाहीत. बॅटरीवरचं ड्रिल पहिल्या गिअरला साधारण एवढंच फिरतं, आणि पाण्याच्या कामात २३० व्होल्ट हातात नसलेलेच बरे. वायरचं मशीन वापरणार असाल तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागूनच (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका). हॅमरची कळ बंद आहे ना, दोनदा बघा.

काचवाल्याकडून ८ किंवा १० मिमीचा एखादा उरलेला तुकडा आणा आणि त्यावर निदान दोन भोकं पाडा. त्यातलं एक मुद्दाम घाईने पाडा. कुठला आवाज वाईट, ते तिथेच कळेल.

दिवस कोणता? पावसाळा संपू द्या. चतुर्थीच्या आधी तर हे काढूच नका. घर चाकरमान्यांनी भरलेलं, मासे बादलीत आणि सिलिकॉन ओलं, असा घोळ होतो. ऑक्टोबरचे कोरडे दिवस बघा, खळ्यात सावलीत काम करा. तापलेल्या काचेवर थंड पाणी नको.

टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून पुढच्या काचेवर आडवी झोपवा, पाठ आभाळाकडे, खाली दोन थर जाड थर्माकोल. नुसत्या काचेचंच वजन ५० किलोच्या घरात जातं, तिघांनी उचला. वरच्या आडव्या पट्टीला धरून तर कधीच उचलू नका, ती सिलिकॉनवर आहे. आता टाकीचं तोंड बाजूला आलं, हात आत जातो. भोकाच्या जागी आतून रुंद चिकटपट्टी फुलीसारखी दोन-तीन थर लावा, आणि तिच्याखाली थर्माकोल आणि प्लायचे तुकडे एकावर एक रचून काचेला खालून अलगद टेकू द्या. टेकू घट्ट ठोकू नका, लागला एवढंच. बिट बाहेर पडताना काच खालच्या बाजूने टवका सोडते, आणि नेमकी तीच बाजू आत पाण्याकडे, जिथे रबर बसणार. टेकू त्यासाठी आहे.

सुताराकडून १२ मिमी प्लायचा वीतभर तुकडा घ्या, त्यात ४५ मिमीचं भोक पाडून आणा आणि दुहेरी चिकटपट्टीने खुणेवर चिकटवा. मधे टोक नसल्यामुळे बिट सुरुवातीला काचेवर चौफेर नाचतो, प्लायचं भोक त्याला जागेवर धरतं. मग बांध. गणपतीच्या शाळेतून मूठभर शाडू आणा आणि प्लायच्या भोकाभोवती बोटभर उंचीचं आळं करा. शाडू नसेल तर घट्ट मळलेली कणीक चालते, अर्ध्या तासात ती सैल पडते पण तोवर काम होतं. शेजारी स्टुलावर पाण्याची बादली, तिच्यातून एअर पंपाची बारीक नळी आळ्यात सोडा. करंगळीपेक्षा बारीक धार, पण अखंड.

हे पाणी कशाला, ते नीट समजून घ्या. काच उष्णता पसरवत नाही. बिटखाली तापलेलं कडं फुगतं, भोवतालची काच थंड असते, आणि दोन्हींमधल्या ओढाताणीत तडा जातो. शिवाय घासलेल्या काचेचं पांढरं पीठ बिटच्या कडेला लिंपलं तर हिऱ्याला काच भेटतच नाही, नुसती घासाघीस होऊन आणखी तापतं. म्हणून दर वीस-तीस सेकंदांनी बिट फिरता ठेवूनच दोन मिमी वर उचला, पाणी आत शिरू द्या, पीठ बाहेर येऊ द्या.

डोळ्यांवर गॉगल. मशीन दोन्ही हातांनी, सरळ उभं. दुसऱ्या कोणालातरी बाजूने बघून 'डावीकडे कलतंय' एवढंच सांगायला बसवा. दाब द्यायचा नाही, मशीनचं वजन पुरे. पहिल्या मिनिटात काही होतच नाही असं वाटेल आणि हात आपोआप दाबू लागेल. तो आवरा. चांगला चाललेला बिट जात्यासारखा एकसुरी घरघरतो आणि आळ्यातलं पाणी ताकासारखं पांढरं होत जातं. आवाज चिरका झाला, किंचाळू लागला, तर पाणी कमी पडलंय किंवा तुम्ही दाबताय. थांबा, बिट बाहेर काढा, धुवा, बोट लावून बघा. कोमट लागला तरी जास्त तापलाय. मिनिटाला एक मिमी हा चांगला वेग.

आठ मिमी झाल्यावर सगळा खेळ बदलतो. खोली कळावी म्हणून बिटवर बाहेरून मार्करने खूण करून ठेवलेली असू द्या, त्यात प्लायची जाडीही धरा. शेवटच्या दोन मिमीत आवाज पोकळ होतो. इथे मशीनचं वजनही हाताने थोडं उचलून धरा. या दोन मिमीला आधीच्या चार मिमीएवढा वेळ लागला तरी बिघडत नाही. कडं सुटताच मशीन बंद करू नका, फिरतंच सरळ वर काढा, नंतर बंद करा. बिटच्या पोकळीत अडकलेली काचेची चकती स्क्रू-ड्रायव्हरने ठोकू नका, कोमट पाण्यात ठेवली की सुटते. पांढरं पीठ वाळण्याआधी धुवा. ते हाताने पुसू नका, आणि वाळलं तर झाडू मारू नका, ती भुकटी श्वासात जाण्याजोगी असते.

भोक पडल्यावर बॅटरीचा उजेड बाजूने मारून कड तपासा. टवका नखाला लागतो. दोन मिमीपर्यंतचा असेल आणि रबराखाली पूर्ण झाकला जात असेल तर चालतो. तडा नखाला लागत नाही, पण उजेडात चंदेरी केसासारखा चमकतो. कडेपासून बाहेर जाणारा असा एक केस जरी दिसला तरी ती काच बाद. सिलिकॉन भरून, टोकाला आणखी एक बारीक भोक पाडून तडा थांबत नाही. आज पाव इंच असलेला तडा पाण्याच्या दाबाखाली पुढे सरकतोच. पाठीची काच बदलावी लागेल, आणि हा धोका काम सुरू करण्याआधीच मान्य करायचा असतो. तो पटत नसेल तर नवी टाकी बनवताना काचवाल्याकडूनच जोडणीआधी भोकं पाडून घ्या. मोठ्या काच दुकानांतली मशीनं वरून आणि खालून दोन्हीकडून पाडतात, टवका उडायचा प्रश्नच राहत नाही.

नीट पडलेल्या भोकाची दोन्ही बाजूंची धार २२० आणि मग ४०० नंबरच्या पाणकागदाने, पाणी लावून, अर्धा मिमी मारा. धारेत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात, पुढे तडा तिथूनच निघतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात.

निप्पल बसवताना फ्लँज आत, रबर फ्लँज आणि काचेच्या मधे, नट बाहेर. नटच्या बाजूला प्लास्टिकची सरकती चकती असेल तर ती घाला. रबरावर सिलिकॉन लावू नका. ओल्या सिलिकॉनवर रबर नट आवळताना घसरतं आणि एका बाजूने बाहेर निघतं. हाताने घट्ट होईल तितका नट फिरवा, मग पाव फेरा आणखी. बस. पान्याने 'जरा अजून' केलं की फ्लँज काचेला वाकवते, आणि ती काच आज नाही, आठ दिवसांनी रात्री दोन वाजता तडकते. ठिबकलं तर आवळू नका, उघडून रबराखाली कचरा आहे का ते बघा.

पेटी चिकटवायला बुरशीनाशक नसलेलं, व्हिनेगरसारख्या वासाचं साधं सिलिकॉन घ्या. नळीवर 'बाथरूम' किंवा 'फंगस'शी संबंधित काही लिहिलेलं असेल ती घेऊ नका. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. आपल्या दमट हवेत वरची साय लवकर धरते आणि आतलंही झालं असं वाटतं, पण वास पूर्ण जाईपर्यंत, निदान ७२ तास, पाणी नको.

मग चाचणी, खळ्यातच, सपाट स्टँडवर. आधी भोकांच्या खालपर्यंत, मग पूर्ण, २४ तास. इथे एक फसवणूक होते. विहिरीचं गार पाणी भरलं की दमट हवेत काचेला घाम फुटतो, नटवर थेंब जमतात आणि माणूस घाबरून नट आवळतो. कोरड्या कापडाने पुसा आणि दहा मिनिटांनी बघा. घाम सगळीकडे सारखा येतो. गळती एकाच जागी पुन्हा पुन्हा उगवते. पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलं तर हा प्रश्नच उरत नाही.

टाकी जागेवर ठेवताना मागच्या चिऱ्याच्या भिंतीपासून १५ सेंमी अंतर ठेवा, नाहीतर एल्बो बसणार नाही. पाइपांचं वजन भिंतीवरच्या क्लॅम्पने घ्या, निप्पलवर काही लोंबकळू देऊ नका. क्लॅम्प प्लास्टिकचे. प्रत्येक उतरणीवर एक युनियन (हाताने खोलता येणारा जोड), म्हणजे सफाईला पाइप कापावा लागत नाही. पेटीत रोजच्या पाइपाचा एल्बो खाली तोंड करून, आणीबाणीचा वर तोंड करून, त्याचं तोंड काठापासून ६ सेंमी खाली, म्हणजे पेटीच्या कडेच्या अर्धा सेंमी खाली. रोजच्या पाइपावर गेट व्हॉल्व्ह लावा, बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवाजुळव होत नाही. आणीबाणीच्या पाइपावर व्हॉल्व्ह कधीच नको. सम्पमध्ये रोजच्या पाइपाचं टोक पाण्यात दोन-अडीच सेंमीच बुडवा. जास्त बुडवलं तर वीज आल्यावर आतली हवा बाहेर पडत नाही आणि पाइप गुरगुरत बसतो. गेट व्हॉल्व्ह हळूहळू मिटत जा, पेटीतलं पाणी चढून आणीबाणीच्या तोंडातून दोऱ्याएवढी धार जाऊ लागली की थांबा. आवाज बंद झालेला असेल.

पंप तासाला हजार-बाराशे लिटर प्रत्यक्ष वर पोहोचवणारा पुरे. खोक्यावरचा मोठा आकडा शून्य उंचीचा असतो, तुम्ही दीड मीटरचा आकडा बघा. पंपाला लगेच कडक पाइप न जोडता हातभर रबरी नळी घाला, कपाट गुणगुणत नाही.

मासे सोडण्याआधी पंपाचा खटका दहा वेळा बंद-चालू करा, मधे पाच-पाच मिनिटं थांबून. दर वेळी सम्पमधलं पाणी कुठपर्यंत चढतं ते बघा आणि सगळ्यात वरच्या पातळीवर दुसरी रेघ मारा. ती काठाच्या दोन बोटं खाली आली तर पडवी कोरडी राहील. एकदा पेटीतल्या रोजच्या एल्बोवर ओला रुमाल कोंबून बघा. पाणी दुसऱ्या पाइपाने खळखळत जायला हवं, टाकीच्या काठावरून नव्हे.

प्लंबरभाऊंना बोलवाच, पण भोकं पाडून झाल्यावर. सॉल्व्हंटचे जोड, युनियन आणि भिंतीवरचे क्लॅम्प हे त्यांच्या हातचं काम आहे. सॉल्व्हंट लावलेले जोड २४ तास वाळू द्या आणि पहिलं पाणी सम्पमधून फिरवून फेकून द्या. एवढं त्यांना आधी सांगून ठेवा, कारण घराच्या नळाला ते तासाभरात पाणी सोडतात.